मंडालेची वाट रत्नागिरीवरून

आग्नेय आशियातल्या देशांची मराठी प्रवाशाला जी ओळख करून दिली जाते, ती बहुधा एकाच साच्यातली असते. उष्ण आणि दमट हवा, निळे पाणी, माडांच्या रांगा, सोन्याचा मुलामा दिलेली देवळे, मग चलन, व्हिसा, काय खावे आणि काय विकत घ्यावे. थायलंड असो, व्हिएतनाम असो की बाली, देशाचे नाव बदलते, मजकूर फारसा बदलत नाही. जुईनगर, नेरूळ, सानपाडा या पट्ट्यात ही ओळख यापुढे अधिक जोराने होणार हे उघड आहे. ८ ऑक्टोबर २०२५ रोजी उद्घाटन झालेला नवी मुंबईचा विमानतळ इथून जवळच आहे. अशा माहितीत चूक काही नसते. पण ती वाचून असा समज होतो, की त्या देशाशी आपला संबंध तिथल्या विमानतळावर पाय ठेवल्यावर सुरू होतो. निदान एका देशाच्या बाबतीत हे साफ खोटे आहे. तो देश म्हणजे ब्रह्मदेश, आजचा म्यानमार. मराठी माणसाला या देशाची ओळख करून द्यायची, तर आपल्यातल्या जुन्या देण्याघेण्यापासून सुरुवात करायला हवी, आणि त्यात आपले येणे किती याबरोबर आपण देणे किती लागतो हेही यायला हवे, असे माझे ठाम मत आहे. ही ओळख पासपोर्ट नसलेल्या माणसालाही करून घेता येते. किंबहुना सध्या ती तशीच करून घेणे भाग आहे. त्याकडे पुढे येऊ.

सुरुवात हवामानापासून करू, कारण पर्यटकाची पहिली दिशाभूल तिथेच होते. ब्रह्मदेशाचे क्षेत्रफळ महाराष्ट्राच्या दुपटीहून थोडे जास्त, लोकसंख्या मात्र महाराष्ट्राच्या निम्म्याहून कमी. पश्चिमेला बंगालच्या उपसागरालगत अराकानचा, म्हणजे आजच्या राखाइन प्रांताचा, चिंचोळा किनारा आहे. त्याच्या पाठीशी राखाइन योमा ही डोंगररांग, आणि डोंगरापलीकडे इरावतीच्या दोन्ही तीरांवर पसरलेला मधला सखल मुलूख. जे नैर्ऋत्य मोसमी वारे सह्याद्रीवर आदळतात, तेच तिकडे या योमावर आदळतात. किनाऱ्यावरच्या सित्वे शहरात वर्षाला साडेचार हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. डोंगर ओलांडला की मंडालेत तो साडेआठशेच्या आसपास येतो, पगानच्या परिसरात सहाशेच्या घरात. रत्नागिरीत भिजून घाट चढल्यावर माण-खटावच्या माळावर उतरणाऱ्या माणसाला यातले काहीही समजावून सांगावे लागत नाही. या मधल्या मुलखाला भूगोलात कोरडा पट्टाच म्हणतात. इथे ताडाची झाडे, बाभळी, निवडुंग. शेतात तीळ, भुईमूग, ज्वारी, हरभरा आणि तूर. २८ एप्रिल २०२४ रोजी याच पट्ट्यातल्या चौक गावी पारा ४८.२ अंशांवर गेला होता. आणि लक्षात घेण्याजोगी गोष्ट अशी, की पगान, आवा, अमरपुरा, मंडाले या ब्रह्मी राजांच्या राजधान्या हिरव्या किनाऱ्यावर वसल्या नाहीत. त्या या कोरड्या मुलखात, क्याउक्सेच्या कालव्यांवर पिकणाऱ्या भाताच्या आधाराने उभ्या राहिल्या. पाण्याची ओढ असलेल्या प्रदेशात राज्य कसे टिकवायचे हा प्रश्न देशावरच्या माणसाला परका नाही. खाण्यातही तेच. शान लोकांचा प्रसिद्ध तोफू सोयाबीनचा नसतो. हरभऱ्याचे पीठ शिजवून, थापून, थंड करून त्याच्या वड्या पाडतात, आणि पाटवडी खाणाऱ्या घरात तो कुणालाही ओळखीचा वाटेल. माडांचे चित्र डोक्यात घेऊन गेलेल्या प्रवाशाला हा देश निराश करील. देशावरचा माणूस तोच मुलूख पाहून चटकन रुळेल.

आता इतिहास. तो मुंबईच्या एका कंपनीपासून सुरू होतो. बॉम्बे बर्मा ट्रेडिंग कॉर्पोरेशन ही कंपनी १८६३ साली मुंबईत स्थापन झाली. ब्रह्मदेशातल्या जंगलांतला साग तोडून बाहेर विकणे हा तिचा धंदा. मुंबईतल्या जुन्या घरांचे जिने, तुळया, दारे ज्या लाकडाची आहेत आणि सुतार आजही ज्याला आदराने बर्मा टीक म्हणतात, ते लाकूड याच व्यापारातले. १८८५ साली मंडालेच्या दरबाराने कंपनीवर आरोप ठेवला, की तोडलेले ओंडके आणि सांगितलेले ओंडके यांचा मेळ बसत नाही, आणि सुमारे २३ लाख रुपयांचा दंड लावला. फ्रान्सशी जवळीक करू पाहणाऱ्या थिबा राजाला हटवण्यासाठी इंग्रजांना निमित्त हवेच होते. नोव्हेंबर १८८५ मध्ये युद्ध झाले, ते दोन आठवड्यांत संपले. २९ नोव्हेंबरला थिबा शरण आला आणि १ जानेवारी १८८६ रोजी त्याचे राज्य ब्रिटिश साम्राज्याला जोडले गेले. लढायला पाठवलेली फौज मुख्यतः हिंदी शिपायांची होती. थिबाला काही साधुपुरुष ठरवण्याची गरज नाही. तो गादीवर आल्यानंतर १८७९ साली राजघराण्यातल्या कितीतरी माणसांची कत्तल झाली, आणि तो डाग त्याच्या नावावरून पुसला जाणार नाही. पण त्याचे राज्य गेले ते त्या कत्तलीमुळे नाही. सागाच्या ओंडक्यांच्या हिशेबावरून गेले, आणि हिशेब मागितला होता मुंबईच्या कंपनीकडे. राजाला आधी मद्रासला नेले आणि एप्रिल १८८६ मध्ये रत्नागिरीला आणून ठेवले. रेल्वे नाही, पावसाळ्यात समुद्र बंद, असे बंदर कैद्याला ठेवायला सोयीचे होते. डिसेंबर १९१६ मध्ये तो तिथेच वारला. तीस वर्षे. १९१० च्या सुमारास त्याच्यासाठी बांधलेला थिबा पॅलेस आजही उभा आहे. मंडालेत मात्र १९४५ च्या लढाईत मूळ राजवाडा जळून गेला आणि प्रवाशाला आज दिसतो तो १९९० च्या दशकात उभारलेला सिमेंटचा. मूळ वाड्यातला एक सागवानी भाग तेवढा वाचला, कारण थिबाने स्वतःच तो आधी तटाबाहेर हलवून त्याचा विहार केला होता. त्याला श्वेनंदाव म्हणतात. म्हणून मी म्हणतो, की ब्रह्मदेशाचा शेवटचा राजा समजून घ्यायचा, तर त्याच्या आयुष्याची पहिली बाजू मंडालेत आहे आणि दुसरी, अधिक लांबलेली, रत्नागिरीत. डिसेंबर २०१२ मध्ये म्यानमारचे राष्ट्राध्यक्ष थेन सेन थिबाच्या समाधीच्या दर्शनाला रत्नागिरीत आले होते. त्यांच्यासाठी ते देशाच्या इतिहासाचे एक स्थळ होते. आपल्यासाठी ते अजूनही गणपतीपुळ्याच्या सहलीतला जाता जाता उरकायचा एक थांबा आहे, याचे मला मनापासून वाईट वाटते.

याच कहाणीची दुसरी बाजू प्रत्येक मराठी शाळकरी मुलाला ठाऊक असते, फक्त ती पहिलीला जोडून कुणी सांगत नाही. २२ जुलै १९०८ रोजी लोकमान्य टिळकांना सहा वर्षे काळ्या पाण्याची शिक्षा झाली. काही आठवडे साबरमतीत काढल्यावर त्यांना मंडालेला नेले. तो तुरुंग मंडालेच्या किल्ल्याच्या आत होता, म्हणजे ज्या तटांच्या आत थिबाचा राजवाडा होता त्याच तटांच्या आत. रत्नागिरीत जन्मलेला माणूस मंडालेच्या राजाच्या कोटात बंदी, आणि मंडालेचा राजा त्या माणसाच्या जन्मगावी बंदी, असे १९०८ ते १९१४ ही सहा वर्षे चालले होते. हा केवळ योगायोग मानून सोडून देता येणार नाही. ब्रह्मदेश तेव्हा ब्रिटिश हिंदुस्थानचा एक प्रांत होता, आणि १ एप्रिल १९३७ पर्यंत तसाच राहिला. एका टोकाचा नेता दुसऱ्या टोकाला नेऊन ठेवायचा, म्हणजे त्याची भाषा कुणाला कळू नये आणि त्याच्या माणसांना त्याच्यापर्यंत पोचता येऊ नये, ही साम्राज्याची ठरलेली रीत होती; बहादूरशहा जफरला रंगूनला पाठवले ते याच रीतीने, आणि १९२५ साली सुभाषचंद्र बोस मंडालेत गेले तेही असेच. टिळकांनी त्या लाकडी कोठडीत उन्हाळ्याचा भाजणारा वारा आणि मधुमेह सोसत जर्मन, फ्रेंच, पाली यांचा अभ्यास केला आणि १९१० च्या अखेरीपासून काही महिन्यांत गीतारहस्याचा मसुदा पेन्सिलीने लिहून काढला. ७ जून १९१२ रोजी त्यांच्या पत्नी सत्यभामाबाई पुण्यात वारल्या तेव्हाही ते तिथेच होते. गीतारहस्याच्या परिशिष्टात गीता आणि बौद्ध ग्रंथ यांच्या संबंधाची चर्चा आहे. मंडालेच्या टेकडीच्या पायथ्याशी थिबाचा बाप मिंडोन याने संगमरवराच्या ७२९ शिळांवर त्रिपिटक कोरवून ठेवले आहे, आणि त्याच शहरात बसून एक मराठी कैदी त्या विषयावर विचार करीत होता, ही गोष्ट मंडालेला जाणाऱ्या मराठी प्रवाशाच्या माहितीत पहिल्या पानावर असायला हवी.

इतिहास जुना झाला असे कुणाला वाटत असेल, तर त्याने तुर्भ्याला जावे. ठाण्याहून येणाऱ्या गाडीचे जुईनगरच्या आधीचे स्थानक ते. तिथल्या कृषी उत्पन्न बाजार समितीच्या धान्य बाजारात, ज्याला जुन्या सवयीने आजही दाणाबंदर म्हणतात, व्यापाऱ्यांच्या तोंडी ‘लेमन तूर’ हा शब्द सारखा असतो. ही ब्रह्मदेशातली तूर. उडदाचे भावही रंगूनच्या भावांकडे पाहून ठरतात. सागाईंग, मॅगवे आणि मंडाले या कोरड्या पट्ट्यात तूर पिकते. उडीद इरावतीच्या त्रिभुज प्रदेशात आणि बागोकडे भात काढल्यावर पेरतात. तिथले लोक ही कडधान्ये फारशी खात नाहीत. ती पिकतात आपल्यासाठी. २०१५ साली तूरडाळ किलोला दोनशे रुपयांवर गेली, तेव्हा तिकडच्या शेतकऱ्याने पेरा वाढवला. पुढच्या हंगामात आपल्याकडे विक्रमी पीक आले, लातूर-अकोल्याचा शेतकरी सरकारी खरेदी केंद्रांबाहेर ताटकळला, आणि ऑगस्ट २०१७ मध्ये भारताने आयातीवर मर्यादा घातली. त्याबरोबर ब्रह्मदेशात भाव कोसळले आणि पेरा वाढवलेला शेतकरी कर्जात गेला. २०२१ साली दोन्ही सरकारांत पाच वर्षांचा करार झाला: वर्षाला अडीच लाख टन उडीद आणि एक लाख टन तूर. लातूरच्या शेतकऱ्याला ही आयात खुपते, आणि त्याचे म्हणणे खोटे नाही. पडलेल्या भावाचा मार त्याने सोसलेला आहे. मला एवढेच म्हणायचे आहे, की मॅगवेचा शेतकरी आणि लातूरचा शेतकरी एकाच बाजाराच्या दोन टोकांना उभे आहेत आणि दोघांचे नशीब तिसरीकडेच ठरते. दुसऱ्या महायुद्धापूर्वी हे तांदळाच्या बाबतीत आणखी खरे होते. कोकणच्या आणि मुंबईच्या गिरणगावच्या ताटात रंगूनचा तांदूळ असायचा. मार्च १९४२ मध्ये रंगून जपान्यांच्या हाती पडले, तांदळाची जहाजे थांबली, आणि १९४३ मध्ये मुंबईत रेशनिंग सुरू झाले. रेशनकार्ड हातात आलेल्या त्या पिढीने ब्रह्मदेशाचे महत्त्व कोणत्याही प्रवासवर्णनाशिवाय ओळखले होते.

तिसरा धागा धम्माचा. डिसेंबर १९५४ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकर जागतिक बौद्ध परिषदेसाठी रंगूनला गेले. तिथून आलेली बुद्धमूर्ती त्यांनी २५ डिसेंबर १९५४ रोजी देहू रोडच्या विहारात बसवली. नागपूरच्या दीक्षेला तेव्हा जवळजवळ दोन वर्षे अवकाश होता. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात बाबासाहेबांना दीक्षा देणारे भिक्खू चंद्रमणी महास्थविर जन्माने अराकानचे. पुढे १९६९ मध्ये मंडालेत जन्मलेले सत्यनारायण गोयंका विपश्यना घेऊन भारतात आले. पहिले शिबिर मुंबईत झाले, नंतर इगतपुरीला धम्मगिरी उभे राहिले, आणि फेब्रुवारी २००९ मध्ये गोराईच्या खाडीकाठी रंगूनच्या श्वेडगॉनच्या घडणीचा, सुमारे ३२५ फूट उंचीचा पगोडा लोकांसाठी खुला झाला. भारतातून लोपत गेलेला विचार ब्रह्मदेशाने जपला आणि विसाव्या शतकात तो महाराष्ट्रात परत आला. आधीच्या दोन धाग्यांत नुकसान त्यांचे झाले. इथे घेणारे आपण आहोत, आणि ज्यांच्याकडून घेतले त्यांची नीट दखल आपण घेतलेली नाही.

यावर एक आक्षेप सहज येईल, आणि तो गंभीर आहे. टिळक, आंबेडकर, तूरडाळ असे करत करत तुम्ही एका मोठ्या देशाचा आपलाच आरसा करून टाकता. ब्रह्मी माणसाला टिळकांशी काय देणेघेणे? शेकडो भाषा-बोली, शान, कारेन, काचिन, चिन, मोन अशा समाजांचा हा देश. त्याला आपल्या कौटुंबिक अल्बमातले एक पान का करायचे? आक्षेपात तथ्य आहे. रत्नागिरीच्या वाटेने जाणारा प्रवासी फक्त टिळकांची कोठडी शोधत फिरला, तर त्याने काहीच पाहिले नाही. पण मी सांगतो त्या वाटेवर आपल्याला शोभणाऱ्या गोष्टींइतक्याच न शोभणाऱ्याही आहेत, म्हणूनच ती मला खरी वाटते. १९३१ च्या जनगणनेत रंगूनची निम्म्याहून अधिक वस्ती हिंदी होती. ब्रह्मी शेतकऱ्याची भातजमीन चेट्टियार सावकारांच्या ताब्यात गेली, १९३० मध्ये गोदीतल्या कामावरून ब्रह्मी आणि हिंदी मजुरांत रक्तपात झाला. ब्रह्मी राष्ट्रवादाला हिंदी माणूस साम्राज्याचा भागीदार वाटला, आणि तसे वाटायला कारण होते. १९४२ मध्ये लाखो हिंदी माणसे जंगलातून पायी भारतात आली, वाटेत हजारो मेली. १९६२ नंतर ने विनच्या लष्करी राजवटीने दुकाने आणि कारखाने ताब्यात घेतले आणि उरलेल्यांतले काही लाख रिकाम्या हातांनी परतले. स्वतः गोयंकांचा उद्योगही त्यात गेला. आणि धम्माच्या आठवणीने कुणी त्या देशाला करुणेचा प्रदेश समजू लागला, तर त्याने २०१७ सालही वाचावे. त्या वर्षी सात लाखांहून अधिक रोहिंग्या राखाइनमधून बांगलादेशात पळाले. नातेवाइकाची खरी ओळख असते ती भांडणांसकट. ज्याच्याशी काही हिशेब नाही, त्याच्याकडे माणूस पर्यटक म्हणून जातो, फोटो काढतो आणि विसरतो.

दुसरा आक्षेप साधा आहे: माणूस वर्षाकाठी आठ दिवस विश्रांतीला जातो, त्याच्या डोक्यावर साम्राज्य आणि कर्ज यांचे ओझे कशाला? विश्रांती हवी असणाऱ्याने खुशाल किनाऱ्यावर जावे, त्यात कमीपणा नाही. पण विश्रांती आणि ओळख या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि प्रवासाच्या माहितीपत्रकाने विश्रांती विकताना ओळख करून दिल्याचा दावा करू नये.

सगळ्यात अवघड प्रश्न मात्र आजचा आहे. १ फेब्रुवारी २०२१ रोजी लष्कराने सत्ता हाती घेतल्यापासून हा देश यादवीत आहे. ज्या सागाईंग आणि मॅगवेमध्ये तूर पिकते, तिथेच प्रतिकार सर्वांत तीव्र झाला आणि गावे जाळली गेली. फेब्रुवारी २०२४ मध्ये भारत सरकारने आपल्या नागरिकांना राखाइनमध्ये जाऊ नका, असाल तर बाहेर पडा असे सांगितले. नोकरीच्या आमिषाने थायलंडमार्गे सीमेलगतच्या म्यावड्डीतल्या सायबर फसवणुकीच्या अड्ड्यांत नेलेल्या भारतीय तरुणांच्या बातम्या आपण वाचल्याच आहेत, आणि ‘आग्नेय आशियात नोकरी’ अशी जाहिरात दिसली की जुईनगरच्या घराघरांत ती सावधपणे वाचली पाहिजे. त्यातच २८ मार्च २०२५ रोजी ७.७ तीव्रतेचा भूकंप झाला. मंडाले आणि सागाईंगमध्ये तीन हजारांहून अधिक माणसे गेली, इरावतीवरचा जुना आवा पूल कोसळला, किल्ल्याच्या तटांची पडझड झाली. भारतीय लष्कराने मंडालेत तात्पुरते रुग्णालय उभारले. अशा वेळी तिथे सहलीला जाणे मला योग्य वाटत नाही. पाहुण्याने दिलेल्या पैशातला किती वाटा कुणाच्या हाती जातो याची खात्री देता येत नाही, आणि ज्यांचे घर पडले आहे त्यांच्या अंगणात कॅमेरा घेऊन उभे राहणे बरे नव्हे. उलट बाजूचे लोक म्हणतात, की पर्यटक थांबले तर होडीवाला, खाणावळवाली, लाखकाम करणारा कारागीर यांचेच पोट मारले जाते. हेही खरे आहे, आणि शांतता थोडी जरी स्थिरावली तरी हा मुद्दा माझ्या मुद्द्यावर मात करील. तोवर रत्नागिरीत थिबा पॅलेस आणि टिळकांचे जन्मस्थान एकाच दिवशी, एकामागून एक पाहावे. तसे ते सहसा कुणी पाहत नाही. देहू रोडच्या विहारात जावे, गोराईला जावे. मग जाण्याची वेळ येईल तेव्हा रंगूनला उतरून थेट किनाऱ्याकडे न जाता आधी मंडाले गाठावे, किल्ल्याच्या खंदकाकाठाने चालावे, श्वेनंदावचे लाकूड पाहावे, आणि तिथून रस्त्याने पगानकडे निघावे. तिथे दोन हजारांवर जुनी देवळे आणि स्तूप उभे आहेत आणि २०१९ पासून ते जागतिक वारशाच्या यादीत आहेत. एप्रिल-मे टाळावा. डिसेंबर-जानेवारीत गेले तर हवा चांगली असते आणि त्याच सुमारास तुरीची काढणी चालू होते. वाटेत गाडी थांबवून यंदा भाव काय मिळतोय, हे तिथल्या शेतकऱ्याला जरूर विचारावे.